काय चालतंय ते आधी सांगा

गुंडूचं कागदावरचं नाव राजवीर आहे, पण हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळे त्याला गुंडू म्हणतात. माझ्या सासूबाई, म्हणजे आत्ती, त्याला नुसतं 'पोरगं' म्हणतात. पोरगं उठलं, पोरगं जेवलं, पोरगं माझा चष्मा चावतंय.

वर्षाचा होऊन गेला तरी गुंडू चालत नव्हता. रांगायचा मात्र असा, की गल्लीतली मांजरं रस्ता सोडून बाजूला उभी राहायची.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट. मूल कधी चालतं हे कितीतरी आयांना मी समजावून सांगितलेलं आहे. कुणी लवकर चालतं, कुणी सावकाश, तुलना करू नका, धीर धरा. सांगताना माझा आवाज इतका शांत असायचा की मलाच माझं कौतुक वाटायचं. पण शेजारच्या शालूबाई दारात उभ्या राहून "आमचा नातू ह्या वयात पळत हुता" असं म्हणाल्या, की ती शांतता चुलीत जायची. आधी त्यांचा नातू अकराव्या महिन्यात चालला होता. मग दहाव्या. मग नवव्या. मी गप्प ऐकत राहिले असते तर तो दवाखान्यातून घरी चालतच आला असता.

गुंडूच्या येण्यानं माझं पुढचं शिक्षण अर्धवट राहिलं होतं. म्हणून मे महिन्यात कॉलेजात उन्हाळी संशोधन शिबिर आहे असं कळल्यावर मी त्याला पाजता पाजता, एका हातानं मोबाईलवर अर्ज भरून टाकला. माणूस कसा हलतो, चालतो, पडतो, सावरतो, याचा अभ्यास वेगवेगळ्या विषयांच्या मुलांनी एकत्र बसून करायचा, अशी कल्पना. इंजिनिअरिंगवाला, खेळातला, कॉम्प्युटरवाला आणि माझ्यासारखी हाडं-स्नायूवाली, सगळे एका टेबलाशी. निवड झाली, आणि आता आत्तींना सांगायचं होतं.

"माणसं कशी चालत्यात ते शिकाय कॉलेजात जायचं?" आत्ती भाकरी थापत म्हणाल्या. "आपल्या दारात बस की. सकाळच्याला सगळी पेठ चालत जाती म्होरनं."

"आत्ती, तिथं यंत्रं आहेत. पाऊल कसं पडतं ते दिसतं."

"पाऊल कसं पडतंय ते मलाबी दिसतंय. शालूचं वाकडं पडतंय." मग भाकरी तव्यावर टाकून म्हणाल्या, "जा तू. पोरगं काय मला खातंय व्हय? मी बघतो की."

आमच्याकडे बायकाही 'मी बघतो, मी जातो' म्हणतात. त्याचं पुढं काय झालं ते येईलच.

मी एकच अट घातली. गुंडू पहिल्यांदा पालथा पडला तेव्हा मी अंघोळीला गेले होते. पहिला दात शालूबाईंना सापडला, आणि तोही त्यांच्याच बोटात. पहिला शब्द तो बोलला 'आज्जी', आणि मी तेव्हा दळण आणायला गेले होते. नऊ महिने पोटात सांभाळलेल्या या पोराच्या आयुष्यात जे जे पहिलं झालं, ते मला कुणीतरी सांगितलेलं होतं. मला एक तरी पहिलं माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

"गुंडूनं पहिलं पाऊल टाकलं की मला लगेच फोन करायचा," मी आत्तींना म्हटलं. "मी कुठंही असले तरी निघून येईन. दुसऱ्या पावलाला तरी पोचेन."

"पाऊल टाकायच्या आधीच करतो," आत्ती म्हणाल्या, "म्हंजे तुला रिक्षा मिळंल."

शिबिरात माझ्या गटात मीच थोरली. आदर्श इंजिनिअरिंगचा. त्याला कशाचंही वजन आणि वेग कळल्याशिवाय चैन पडत नसे. अर्शी कबड्डी खेळणारी, इथलीच, मोठ्या आवाजाची. आणि कीर्तना कोइमतूरहून आलेली, कॉम्प्युटरची. कीर्तनाला मराठी शिकायचीच होती. पहिल्या आठवड्यात तिनं मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "संयोगिता ताई, अर्शी मुलगी आहे ना? मग ती 'मी पाणी पितो' का म्हणते?"

"कोल्हापूरची आहे ना," मी म्हटलं.

कीर्तनानं मान हलवली आणि पुढं काही विचारलं नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून तीही 'मी जेवतो' म्हणायला लागली. ते इतकं गोड वाटायचं की तिला सुधारायची कुणाची छाती झाली नाही.

आमच्या गटाचा विषय मीच सुचवला होता. नुकतंच चालायला लागलेलं मूल पडता पडता स्वतःला कसं सावरतं? आमचे विजयसिंह सर खूश झाले. त्यांना उभं राहून शिकवण्याची आणि शिकवता शिकवता ते करून दाखवण्याची सवय होती. लंगडणाऱ्या माणसाबद्दल बोलताना ते स्वतः खोलीभर लंगडायचे, आणि चहावाला घाबरून कप खाली ठेवायचा.

"पहिलं पाऊल टाकणारं पोर बघा," ते म्हणाले आणि दोन्ही हात कानांशी नेऊन, पाय फाकवून उभे राहिले. "पोलिसानं पकडलेल्या चोरासारखे हात वर. का? तोल. जसा भरवसा येतो तसे हात खाली उतरत जातात. आणि दुसरी गोष्ट, अगदी नवं पोर सुटलं की सुटलं. त्याला थांबता येत नाही. ते पडूनच थांबतं. थांबून, वळून, परत चालणारं पोर म्हणजे जुनं झालं."

हे मला ठाऊक होतं. तरी सरांचे ते कानाशी गेलेले हात बघून मी वहीत लिहायची थांबले. गुंडूचे असे हात मला बघायचे होते.

प्रयोगशाळेत जमिनीवर एक लांबलचक चटई होती, आम्ही तिला सतरंजी म्हणायचो. तिच्यावर पाऊल टाकलं की पडद्यावर त्याचा ठसा उमटायचा, जिथं दाब जास्त तिथं लाल, जिथं कमी तिथं पिवळा. आता हवी होती नवी नवी चालणारी पोरं. मे महिन्यात तीच मिळेनात. अर्ध्या पेठेतल्या आया पोरांना घेऊन माहेरी गेलेल्या. अर्शीनं आपल्या आईच्या, मावशीच्या, मामीच्या ओळखी काढल्या आणि फोन करायला घेतले. फोन स्पीकरवर. ती बोलायची आणि शेजारी बसून कीर्तना ऐकायची. कुठलं मूल चालतं आणि कुठलं अजून रांगतं, हे कीर्तनानं वेगळं करायचं होतं.

तेवढ्यानं तिचं मराठीही पक्कं होईल, असं मीच म्हटलं होतं.

मंगळवारी सगळ्या जणी येणार होत्या. मला उशीर होणार हे नक्की. निघताना मी आत्तींना म्हटलं, "संध्याकाळी मी नसले तर गुंडूला नाचणीची पेज दिली तर चालेल का?" आत्ती तेव्हा दारात दूधवाल्याशी भांडत होत्या. कालच्या दुधात म्हैस कमी आणि नळ जास्त होता, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांनी माझ्याकडं न बघता नुसता हात हलवला. मी गुंडूच्या गालाचा एक मुका घेतला, तो पुसून टाकायचा त्यानं प्रयत्न केला, आणि मी पळाले.

प्रयोगशाळेत जत्रा भरली होती. आया, आज्या, दुपटी, बाटल्या. एक काका 'नुसतं बघायला' आलेले. सतरंजीच्या एका टोकाला मूल ठेवायचं, दुसऱ्या टोकाला खुळखुळा घेऊन अर्शी बसणार. आदर्शनं कॅमेरे लावले. सरांनी मिशीवरून हात फिरवला.

पहिलं बाळ वर्षाराणीचं. तिनं त्याला टोकाला उभं केलं आणि हात सोडला. बाळ बसलं. खुळखुळ्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, आणि रांगत निघालं.

"लाजतोय," कीर्तना म्हणाली.

दुसरं बाळही रांगलं. तिसरं रांगता रांगता मध्येच बसलं आणि सतरंजीची कड चावायला लागलं. आदर्श "अहो, सेन्सर, सेन्सर!" करत धावला. चौथं बाळ रशिदाचं. ते बसवल्या बसवल्या हळूहळू एका बाजूला कललं आणि तसंच झोपून गेलं.

सर खाकरले. "ही सगळी चालणारी मुलं आहेत ना?"

"होय सर," कीर्तना म्हणाली. "सगळ्यांच्या आईंनी सांगितलं. मी स्वतः ऐकलो."

"काय सांगितलं?"

"चालतंय की."

मग अर्शीनं खुळखुळा खाली टाकून कपाळाला हात लावला. "या अल्ला! अगं ये बाई, मी वेळेचं इचारत हुतो! मंगळवारी दोन वाजता बाळाला आणलं तर चालतंय का म्हणून!"

"म्हणजे... ते बाळाचं नाही?"

"बाळाचं तू इचारणार हुतीस न्हवं?"

"मला वाटलं, तू तेच तर विचारते!"

"कोण चालतंय म्हणाली मी?" रशिदा आपल्या झोपलेल्या बाळाकडं बघत म्हणाली. "ह्यो? ह्यो अजून बसायलाबी भिंत मागतोय!"

आणि मग जे हसू फुटलं ते थांबेना. आया हसल्या म्हणून बाळं दचकली, बाळं दचकली म्हणून रडली, रशिदाचं जागं होऊन त्या सुरात मिळालं. बिचाऱ्या कीर्तनाचे डोळे भरून आले. वर्षाराणीनं आपलं रडणारं बाळ तिच्याच मांडीवर ठेवलं. "घ्या पावणं. रडायचंच हाय तर दोघं मिळून रडा."

मी कीर्तनाच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, कोल्हापुरात सगळंच चालतं. चहात साखर कमी असली तरी चालतंय. लग्नात नवरा उशिरा आला तरी चालतंय. चालत नाही तो फक्त माणूस. तो कोपऱ्यावरच्या दुकानात गाडीवरनं जातो."

तेवढ्यात माझा फोन वाजला. आत्तींचा. एका कानावर हात ठेवून मी तो घेतला.

"संयोगिता?" आत्तींचा आवाज उंच, धाप लागल्यासारखा. "अगं, चालतंय की!"

माझ्या पायाशी एक बाळ माझी ओढणी ओढत होतं, मागं तीन रडत होती. "बरं बरं, आत्ती. छान. ठेवते हं, इथं गोंधळ आहे."

मग आत्ती म्हणाल्या, "ठेव."

"बघ," मी फोन ठेवून कीर्तनाला हसवायला म्हटलं, "माझ्या घरातूनसुद्धा तेच. पेज दिली तर चालतंय म्हणे!"

कीर्तना खरंच हसली. मला बरं वाटलं.

संध्याकाळी घरी आले तेव्हा आत्ती कट्ट्यावर बसल्या होत्या आणि गुंडू त्यांचा पदर धरून उभा होता. मला बघितल्याबरोबर तो धप्पकन खाली बसला आणि दोन्ही हात वर करून 'घे' म्हणाला. मी घेतलं. एकदा घेतला की मग हा मुलगा झोपेपर्यंत जमिनीला पाय लावत नाही. दिवसभराचा हिशेब तो माझ्या खांद्यावर डोकं घासून चुकता करतो. त्याच्या मानेला दुधाचा, घामाचा आणि आत्तींच्या तपकिरीचा वास येत होता.

"पेज खाल्ली का त्यानं?" मी विचारलं.

आत्तींनी माझ्याकडं पाहिलं. "खाल्ली." मग शालूबाईंच्या दाराकडं तोंड करून, "पेजेचं बरं ध्यानात हाय," असं म्हणून आत गेल्या.

त्या रात्री ताट माझ्यासमोर जरा जोरात आलं. वाटलं, उशिरा आले म्हणून रागावल्या असतील. दुसऱ्या दिवशी मी लवकर आले. तेव्हाही ताट जोरातच. गुंडूला चिकटून झोपताना विचार केला, शिबिर संपत आलंय, शनिवारी माझा नवरा कृष्णात गगनबावड्याहून घरी येईल, त्याच्या मध्यस्थीनं निस्तरेन. नोकरीमुळं तो शनिवार-रविवारचाच बाप. त्या दोन दिवसांत त्याला बापाबरोबर वकीलही व्हावं लागायचं.

गुरुवारी आत्ती गुंडूला घेऊन शालूबाईंबरोबर नृसिंहवाडीला गेल्या. येताना पेढ्यांचा मोठा पुडा.

"एवढे पेढे?" मी म्हटलं.

"वाटायचं असत्यात," आत्ती म्हणाल्या. "आनंद झाल्यावर. ज्येला झाला त्येनं."

मी एक पेढा तोंडात टाकला आणि म्हटलं, "उद्या शिबिराचा शेवटचा दिवस आहे. सरांनी घरच्यांना आणि मंगळवारच्या आयांनाही बोलावलंय. गुंडूला घेऊन याल ना?"

"आमचं काय काम तिथं?"

दारातून शालूबाई आत्तींना म्हणाल्या, "जाऊया की आक्का. एसी हाय म्हणं."

शुक्रवारी कार्यक्रम प्रयोगशाळेतच होता. आमच्या गटाकडं दाखवायला रांगणारी पोरं होती, कड चावणारं पोर होतं, झोपणारं होतं. चालणारं एकही नव्हतं. सर म्हणाले, "चूक लपवायची नाही. चूकच मांडा. पुढच्या वेळी प्रश्न कसा विचारायचा हे त्यातून कळेल. हेही संशोधनच आहे." म्हणून कीर्तना धीर करून समोर उभी राहिली आणि आपल्या त्या सुंदर मराठीत सांगायला लागली. "मी ऐकलो, चालतंय. मी समजलो, चालतंय." लोक हसत होते, पण मायेनं.

आत्ती पहिल्याच रांगेत बसल्या होत्या, ठेवणीतलं नऊवारी, मांडीवर गुंडू. शालूबाई डोळे मिटून एसीचा लाभ घेत होत्या. मी पडद्याजवळ उभी होते, सतरंजीच्या पलीकडच्या टोकाला. तिथून मी गुंडूकडं बघून हसले, आणि हीच माझी चूक झाली. तो मांडीवरून घसरला.

आत्तींनी त्याला धरलं नाही. नुसत्या बघत राहिल्या. त्याच्याकडं नाही, माझ्याकडं.

गुंडू सतरंजीच्या कडेपर्यंत रांगत आला. खुर्चीचा पाय धरून उभा राहिला. खुर्ची सोडली. आणि चालायला लागला.

सगळी खोली 'ओ' म्हणाली. कीर्तना बोलायची थांबली. तिच्या मागच्या पडद्यावर एकामागून एक लहानसे ठसे उमटू लागले, पिवळे, लाल, वाटाण्यासारखी बोटं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी गुडघ्यावर बसले, हात पसरले. माझं पहिलं. मला माझं पहिलं मिळालं!

सतरंजीच्या मध्यावर गुंडू थांबला. पडला नाही. थांबला. मान वळवून त्यानं पडद्यावरच्या त्या रंगीत ठशांकडं बघितलं, त्याला ते आवडलं, आणि मग परत माझ्याकडं वळून तो चालायला लागला.

त्याचे हात कानांशी नव्हते. छातीशी होते. तेही अगदी निवांत, बाजारात हिंडणाऱ्या माणसासारखे.

तो माझ्या अंगावर आदळला, मी त्याला घट्ट धरलं, टाळ्या वाजल्या, आणि टाळ्या वाजत असतानाच मला कळलं. मी सरांकडं बघितलं. सर पटकन खिडकीबाहेर बघायला लागले. त्यांनाही दिसलं होतं.

"आत्ती," मी म्हटलं, "हे त्याचं पहिलं नाही."

"पयलं?" आत्ती उठून उभ्या राहिल्या. "पयलं मंगळवारीच की! दुपारच्याला, न्हाणीच्या दारात."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही? मी एवढं सांगून ठेवलं होतं, आत्ती! एकच गोष्ट मागितली होती मी!"

"सांगितलं न्हाय?" आत्तींचा आवाज आता एसीच्या वर गेला. शालूबाई जाग्या झाल्या. "तुला फोन केलता की मी! पोरगं पडल्या पडल्या, त्येला उचलायच्या आधी फोन उचलला. तुला म्हटलं, अगं, चालतंय की!"

शालूबाईंनी मान डोलावून साक्ष दिली.

"तू म्हणालीस, 'बरं बरं, छान, ठेवते.'" आत्तींचा आवाज खाली आला, आणि ते त्यांच्या ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "मला वाटलं, रिक्षा करून पळत येशील. मी पोराला घिऊन दारात उभा हुतो. म्हटलं, आत्ता यील. संध्याकाळी आलीस ती पेजेचं इचारलंस. मग मी म्हटलं, असू दे. शिकल्याली हाय, कामात हाय, तिला काय ह्येचं. कृष्णातलाबी सांगितलं न्हाय. म्हटलं, आईनं सांगाय पायजे."

"आत्ती, मला वाटलं पेज चालतंय."

"कसली पेज?"

"नाचणीची. सकाळी विचारलं होतं ना मी, दूधवाला आला होता तेव्हा..."

"मी त्या दूधवाल्याच्या म्हशीचं ऐकत हुतो! तू कवा काय इचारलंस?"

पहिली हसली ती कीर्तना. गेले तीन दिवस जिचं हसं होत होतं, ती पोट धरून खाली बसली. "ताई! तुम्ही पण! तुम्ही तर इथल्याच!" मग अर्शी. मग सर, मिशीतून, आवाज न करता. मी मात्र गुंडूच्या केसांत तोंड घालून रडत होते. हसूही येत होतं, त्यामुळं नाकाचं फार वाईट झालं होतं. आत्ती जवळ आल्या आणि पदरानं माझं नाक पुसलं, गुंडूचं पुसतात तसंच, जोरात, विचारल्याशिवाय.

"गप. गप बाई. तुझं काय चुकलं न्हाय. माझंबी न्हाय. त्या दूधवाल्याचं चुकलं."

"मला बघायचं होतं, आत्ती," मी म्हटलं. "फक्त तेवढंच बघायचं होतं."

आत्तींनी पदर खोचला. मग त्यांनी चपला काढल्या.

"सरका," त्या आदर्शला म्हणाल्या आणि सतरंजीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. "ही बघ न्हाणी. हितं बादली. पोरगं बादली धरून हुतं." त्यांनी हवेतली बादली धरली. "मी शालूला हाक मारली, तशी त्येनं इकडं बघितलं. असं."

त्यांनी बघितलं. गुंडू बघतो तसंच, भुवया वर, खालचा ओठ बाहेर.

"मग बादली सोडली."

आत्तींनी बादली सोडली. दोन्ही हात कानांशी गेले. नऊवारीतले पाय फाकले, पोट पुढं आलं. साठीकडं आलेली, सांधे दुखतात म्हणून जिना टाळणारी ती बाई डुगडुगत उभी राहिली. एक पाऊल. ते नीट पडलंच नाही, अख्खा तळवा फट्कन आपटला. तोंडाचा आ झाला, आपण काय केलं हे कळून दचकल्यासारखा. मग लगेच दुसरं, पहिलं सावरायला. मग तिसरं, दुसऱ्याला सावरायला. हात अजून वरच.

माझ्या कडेवरून गुंडू मान पुढं काढून आज्जीकडं बघत होता. आणि मी बघत होते. आत्तींना नाही. न्हाणीच्या दारातून येणाऱ्या उन्हात, ओल्या फरशीवर, पोलिसानं पकडलेल्या चोरासारखे हात वर करून येणाऱ्या माझ्या लेकराला.

"अन् मग," आत्ती म्हणाल्या, "असं."

आणि धप्पकन खाली बसल्या.

पडद्यावर मोठा लाल गोळा उमटला. टाळ्यांनी खिडक्या हलल्या. आत्तींनी उठायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "ऐ आदर्श, हसू नगं, उठीव मला. पोरगं आपलं आपण उठलंतं, मला जमायचं न्हाय."

सर पुढं झाले, हात जोडले. म्हणाले, "आजी, मी पंधरा वर्षं शिकवतोय. माझे हात एवढे बरोबर कधी जात नाहीत."

"तुमास्नी नातू हाय का?"

"नाही अजून."

"मग कसं जातील?"

शालूबाईंनी पेढे वाटायला घेतले. वाटता वाटता आपला नातू कितव्या महिन्यात चालला हे त्या रशिदाला सांगत होत्या. आता तो आठव्यावर आला होता.

कीर्तना कॉम्प्युटरपाशी गेली आणि हिरमुसून परत आली. हसण्या-रडण्याच्या गडबडीत तिनं बटणच दाबलं नव्हतं. आत्तींचं काहीच नोंदलं गेलं नव्हतं. ती आत्तींपुढं वाकून, एकेक शब्द जपून मांडत म्हणाली, "आजी, परत एकदा केलात तर..." आणि थांबली. पुढचा शब्द तोंडातून काढायचा की नाही हे तिला कळेना.

आत्तींनाही कळलं. त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, मिटलं, माझ्याकडं बघितलं, आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "व्हय. मी, आक्का, माझ्या पायानं, परत एकदा चालून दाखवतो. झालं का साफ?"

गुंडू माझ्या कडेवरून खाली उतरायला धडपडत होता. मी त्याला सतरंजीवर सोडलं. तो आज्जीच्या शेजारी जाऊन उभा राहिला, आणि आत्तींनी हात कानांशी नेले तसे त्यानंही नेले.